हिला दोषी ठरवणार कोण? ‘मादाम बोव्हारी’वरील खटल्याचा अभ्यास

२९ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसच्या फौजदारी न्यायालयाच्या सहाव्या कक्षात तीन आरोपी हजर होते. एक ‘रेव्ह्यू द पारी’ या नियतकालिकाचे व्यवस्थापक लोराँ-पिशा, दुसरे त्याचे मुद्रक पिये, आणि तिसरा पस्तीस वर्षांचा लेखक गुस्ताव फ्लोबेर, ज्याची ही पहिलीच प्रकाशित कादंबरी होती. सार्वजनिक आणि धार्मिक नीतिमत्तेचा भंग केल्याचा आरोप १८१९ च्या कायद्याखाली तिघांवर ठेवण्यात आला होता. खटल्याचा विषय मात्र चौथ्याच व्यक्तीचे वर्तन हा होता. ती व्यक्ती म्हणजे एका खेड्यातील डॉक्टरची बायको. तिने नवऱ्याशी दोनदा प्रतारणा केली, कर्ज केले आणि विष घेतले. आणि ती कधीच अस्तित्वात नव्हती. व्यभिचार कागदावरच्या बाईने करावा आणि त्याबद्दल पिंजऱ्यात हाडामांसाच्या पुरुषांनी उभे राहावे, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

विवाह, वासना आणि प्रतारणा यांविषयी समाज काय मानतो, हे तपासण्यासाठी मी हे प्रकरण निवडले, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. अशा विषयांवर माणसे सहसा चारचौघांत एक बोलतात आणि मनात दुसरेच धरून असतात. इथे मात्र फिर्यादी पक्ष, बचाव पक्ष आणि न्यायाधीश या तिघांनाही आपले म्हणणे मुद्देसूद मांडणे भाग पडले, आणि ते शब्द टिकले, कारण फ्लोबेरने ताशी ६० फ्रँक मोजून स्वतःचा लघुलेखक न्यायालयात बसवला होता.

घर आणि घरातली माणसे

कादंबरीतील वस्तुस्थिती थोडक्यात अशी आहे. शार्ल बोव्हारी हा पूर्ण पदवीचा डॉक्टरसुद्धा नाही. त्या काळी फ्रान्समध्ये खालच्या दर्जाची परवानगी घेऊन ग्रामीण भागात वैद्यकी करणारा जो वर्ग होता, त्यातला तो आहे. तो कष्टाळू आहे, बायकोवर त्याचा जीव आहे, आणि त्याच्या बोलण्यात ऐकणाऱ्याला जागे ठेवील असे काहीही नाही. एमा ही शेतकऱ्याची मुलगी. ती मठातल्या शाळेत शिकली, तिथे लपूनछपून प्रेमकथा वाचल्या, आणि त्या कथांतले शब्द म्हणजेच आयुष्य असे धरून लग्नाच्या घरात आली. लग्नानंतर ते शब्द कुठे भेटेनात. पुढे रोदोल्फ नावाचा सधन जमीनदार तिला भुलवतो आणि पळून जाण्याच्या आदल्या दिवशी सोडून देतो. त्यानंतर लेओं नावाचा तरुण कारकून तिच्या आयुष्यात परत येतो.

या घराभोवती त्या वेळचा कायदा कसा उभा होता, हे पाहिल्याशिवाय खटल्यातील भीती नीट समजत नाही. फ्रान्समध्ये १८१६ साली घटस्फोट रद्द झाला होता आणि तो पुन्हा मिळायला १८८४ साल उजाडायचे होते. १८१० च्या दंडसंहितेनुसार व्यभिचारी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षे कैद होत असे. पतीला मात्र त्याने रखेल प्रत्यक्ष घरातच आणून ठेवली तरच, आणि तीही केवळ १०० ते २,००० फ्रँक दंडाची शिक्षा होती. पत्नीविरुद्ध तक्रार फक्त पती करू शकत असे, आणि तिला परत नांदवायला तो तयार असेल तर तिची शिक्षा थांबवण्याचा अधिकारही त्याचाच होता. त्याच संहितेने राहत्या घरात बायकोला प्रियकरासह रंगेहाथ पकडून ठार करणाऱ्या नवऱ्याचा गुन्हा सौम्य मानला होता. म्हणजे लग्नातून बाहेर पडण्याची वाट बंद, आत राहून चुकल्यास तुरुंग, आणि तुरुंगाची किल्ली नवऱ्याच्या खिशात. अशा रचनेत एखाद्या कादंबरीने व्यभिचाराचे चित्रण केले म्हणून सरकार बिथरले, यात नवल नाही. विशेष आहे ते असे की सरकारी वकिलाला खरा सल दुसरीकडेच होता.

फिर्यादी वकील वाचतो

एर्नेस्ट पिनार हा सरकारी वकील फ्लोबेरपेक्षा वयाने थोडा लहानच. साहित्याच्या इतिहासात त्याची कायम टिंगल झाली आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने बोदलेरच्या कवितासंग्रहावरही खटला चालवला आणि कवीला ३०० फ्रँक दंड व सहा कविता गाळण्याचा आदेश मिळवला, त्यामुळे ही टिंगल त्याने ओढवूनही घेतली. पण त्याचे भाषण पूर्वग्रह बाजूला ठेवून वाचले, तर त्या दिवशी न्यायालयात कादंबरी सर्वांत बारकाईने वाचून आलेला माणूस तोच होता, असे माझे मत झाले आहे.

त्याने चार प्रसंग काढले: रोदोल्फबरोबरचा नैतिक स्खलनाचा प्रसंग, दोन प्रकरणांच्या मधला धार्मिक उमाळा, लेओंबरोबरचे संबंध आणि अखेरचा मृत्यू. यांतले शारीरिक तपशील त्याला खटकले, हे उघडच आहे. पण तो तिथे फार रेंगाळत नाही. तो थांबतो एका शब्दरचनेपाशी. रुआँ शहरातल्या नाट्यगृहात संगीतिका पाहताना एमाच्या मनात जे येते, त्यात फ्लोबेरने ‘विवाहाचा मळ’ आणि ‘व्यभिचाराचा भ्रमनिरास’ असे शब्द वापरले आहेत. पिनारचा आक्षेप असा की दुसऱ्या कोणी हे उलट लिहिले असते: भ्रमनिरास विवाहातला, आणि मळ व्यभिचाराचा. दोन शब्दांची अदलाबदल हाच जणू गुन्ह्याचा पुरावा म्हणून तो न्यायाधीशांपुढे ठेवतो. पुढे तो आणखी एका वाक्यावर बोट ठेवतो: लेओंला कंटाळलेल्या एमाला व्यभिचारातही विवाहाचाच सारा रटाळपणा पुन्हा भेटला, असे कादंबरी सांगते. पिनारच्या मते या पुस्तकात विवाह कधी मळलेला, कधी रटाळ असतो. काव्य मात्र सदैव व्यभिचाराला मिळते.

इथे त्याचा पाय घसरतो, आणि कुठे घसरतो हे पाहण्यासारखे आहे. विवाह रटाळ म्हटला गेला हे त्याने अचूक टिपले. पण त्याच वाक्यात व्यभिचारही तितकाच रटाळ म्हटला आहे, हे त्याच्या कानांनी घेतलेच नाही. काव्य व्यभिचाराला मिळते हे खरे, पण ते एमाच्या मनात. फ्लोबेरची लेखनपद्धती अशी की पात्राच्या मनातले वाक्य तो अवतरणचिन्हांशिवाय, ‘तिला वाटले’ असेही न म्हणता, निवेदकाच्याच आवाजात लिहून टाकतो. रोदोल्फला भेटून आल्यावर आरशापुढे उभी राहिलेली एमा ‘मला प्रियकर आहे’ असे स्वतःशी पुटपुटते आणि नंतरच्या ओळींत प्रेमाच्या आनंदाचा जो उद्घोष होतो, तो पिनारने लेखकाचा मानला. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली नेमका हाच उतारा घेऊन दाखवले की वकिलाची गफलत व्याकरणाची होती: तिचे बोलणे त्याने फ्लोबेरच्या तोंडी घातले.

त्याच्या भाषणातला सर्वांत भेदक प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. या पुस्तकात या बाईला दोषी ठरवणार कोण? नवरा? तो तर तिच्या मृत्यूनंतर पत्रे सापडल्यावरही तिच्यावर प्रेमच करत राहतो. लोकमत? त्याचा प्रतिनिधी म्हणजे गावचा बढाईखोर औषधविक्रेता ओमे. धर्म? त्याचा प्रतिनिधी गावचा पाद्री, आणि तो तितकाच हास्यास्पद. पिनारच्या हिशेबाने कादंबरीत एमाच्या वरचढ ठरेल, तिच्यापुढे मान वर करून उभे राहील असे एकही माणूस नाही, म्हणून ती अनीतिमान आहे. शिवाय अशी पुस्तके मुलींच्या, कधीकधी विवाहित स्त्रियांच्या हाती पडतात, ही त्याची चिंता होतीच. ती मात्र प्रत्येक पिढीतला फिर्यादी वकील व्यक्त करतो, म्हणून तिच्यात विशेष काही नाही.

पाद्र्याचा प्रसंग त्याच्या म्हणण्याला पुष्टी देतो. पहिल्या स्खलनाच्याही आधी, मन सैरभैर झालेली एमा चर्चमध्ये जाते. मला बरे वाटत नाही, असे ती पाद्र्याला सांगते. तो पोरांना ओरडण्यात गुंतलेला असतो. त्याला वाटते तिला अपचन झाले असावे, आणि तो तिला घरी जाऊन थोडा चहा घ्यायला सांगतो. ती परत फिरते. दोषी ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याला समोरच्या बाईला काय होते आहे हेच कळले नाही.

बचाव आणि निकाल

ज्यूल सेनार हे ज्येष्ठ वकील सुमारे चार तास बोलले. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा की हे पुस्तक दुर्गुणाची किळस आणून सद्गुणाकडे नेणारे आहे. एमाला जी भयंकर शिक्षा मिळते, ती पाहून कोणती स्त्री तिच्या वाटेने जाईल? युक्तिवाद म्हणून हे चोख होते आणि आशिलाला त्याचा फायदा झाला. वाचन म्हणून ते पिनारच्या वाचनापेक्षा कमकुवत आहे, कारण एमा शिक्षा म्हणून मरत नाही. ती का मरते ते पुढे येईलच.

७ फेब्रुवारीला तिघेही निर्दोष सुटले. पण निकालपत्रात ताशेरे ओढले गेले: कृती कठोर निषेधास पात्र आहे, कारण साहित्याचे काम बुद्धी उन्नत करण्याचे आणि आचार शुद्ध करण्याचे आहे, समाजातली बेशिस्त दाखवून दुर्गुणांविषयी घृणा निर्माण करणे एवढ्याने ते साधत नाही. दोष सिद्ध होत नाही, पण गप्प बसवत नाही, अशी न्यायाधीशांची अडचण या निकालपत्रात स्पष्ट दिसते. एप्रिलमध्ये कादंबरी दोन खंडांत निघाली आणि हातोहात खपली. फ्लोबेरने पाच वर्षांचे हक्क ८०० फ्रँकला विकून टाकले होते, त्यामुळे या खपातून त्याला फारसे काही मिळाले नाही.

याच ओघात एक उपकथा नोंदवतो. नियतकालिकाच्या संपादकांनी, खटल्याच्या भीतीनेच, एक प्रसंग आधीच कापला होता: पडदे ओढलेली घोडागाडी तासन् तास रुआँच्या रस्त्यांवरून फिरत राहते, आणि वाचकाला फक्त एक उघडा हात दिसतो, कागदाचे कपटे बाहेर फेकणारा. आत काय चालले आहे, याचा एक शब्दही फ्लोबेरने लिहिलेला नाही. तरी संपादकांनी तो गाळला आणि गाळल्याची टीप छापली. त्या टिपेने वाचकांच्या कल्पनेला जी चालना दिली असेल, ती मूळ प्रसंगाने दिली नसती.

पावती

आता प्रकरणाच्या मुळाशी जाऊ. एमाच्या प्रतारणेत वासना किती आणि व्यवहार किती, याची मोजदाद कादंबरीनेच करून ठेवली आहे, आणि खटल्यात दोन्ही बाजूंनी जवळजवळ दुर्लक्षिलेली गोष्ट हीच आहे.

लेओंला भेटण्यासाठी एमा दर गुरुवारी रुआँला जाते. घरी सांगितलेले कारण असे की ती पियानोचे धडे घेते. एके दिवशी शार्ल सहज म्हणतो की त्या शिक्षिकेची भेट झाली, पण तिने तुझे नावही ऐकलेले नाही. एमा क्षणभर चमकते आणि म्हणते, विसरली असेल. पुढच्या शुक्रवारी शार्ल बूट घालतो, तेव्हा मोजा आणि चामडे यांच्यामध्ये त्याला कागद लागतो. ती पावती असते: तीन महिन्यांचे धडे आणि इतर साहित्य मिळून ६५ फ्रँक, शिक्षिकेच्या सहीसह. कोणत्याही खोलीतल्या कोणत्याही मिठीपेक्षा ही ६५ फ्रँकांची खोटी पावती मला जास्त बोलकी वाटते. प्रेमकथांतून उत्कटता शिकलेली बाई आता हिशेबनीस झाली आहे: खोट्याची तारीख, रक्कम, सही. लग्न मोडण्यासाठी तिने जे सुरू केले, ते चालवायला तिला लग्नाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, नेटका संसार करावा लागतो आहे.

रोदोल्फबरोबरही हेच घडले होते. सहा महिने झाल्यावर, वसंत आला तेव्हा, ती दोघे घरातली चूल शांतपणे पेटती ठेवणाऱ्या नवराबायकोसारखी झाली होती, असे फ्लोबेर लिहितो. रोदोल्फचे शेवटचे पत्र जर्दाळूंच्या टोपलीतून येते. त्यावर पडलेला अश्रूचा डाग म्हणजे त्याने पेल्यात बोट बुडवून टाकलेला पाण्याचा थेंब.

आणि पैसा. कापडव्यापारी लरो तिला उधारीवर वस्तू देतो: पळून जाण्यासाठीची पेटी, अंगरखा, रोदोल्फला भेट म्हणून द्यायचा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या मुठीचा चाबूक. त्या काळी विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नसे. म्हणून तो सुचवतो की नवऱ्याकडून मुखत्यारपत्र घ्यावे. ते कसे लिहायचे हे विचारायला म्हणून ती रुआँला लेओंकडे जाते, आणि त्या तीन दिवसांत त्यांचा मधुचंद्र होतो. म्हणजे दुसऱ्या प्रकरणाला वेळ आणि सबब मिळाली ती एका कायदेशीर कागदामुळे. पुढे लरो तिला लेओंच्या हातात हात घालून हॉटेलातून बाहेर पडताना पाहतो आणि काहीच बोलत नाही. तीन दिवसांनी वसुलीला येतो. हुंडीवर हुंडी चढते, शेवटी ८,००० फ्रँकांची जप्ती येते, चोवीस तासांत भरा. ती मागायला जाते ती आधी लेओंकडे, मग गावच्या नोटरीकडे आणि शेवटी रोदोल्फकडे. रोदोल्फ शांतपणे सांगतो की तेवढे त्याच्याजवळ नाहीत. त्याच संध्याकाळी ती ओमेच्या औषधांच्या खोलीतले आर्सेनिक खाते. तिच्या मरणाला वासना कारण नाही, आणि पश्चात्तापही नाही. देणे फिटत नाही म्हणून ती मरते.

परकीया नायिकेची परंपरा आपल्याला परकी नाही. भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ या संस्कृत ग्रंथात स्वकीया (स्वतःची), परकीया (दुसऱ्याची) आणि सामान्या (कोणाचीही) असे नायिकांचे रीतसर वर्ग आहेत, आणि परकीयेच्या चोरट्या भेटींवर संस्कृत-प्राकृत कवींनी जीव ओवाळून टाकला आहे. त्या परकीयेला पावसाची भीती असते, सर्पाची, सासूची, चांदण्याची भीती असते. सावकाराची भीती कधी नसते. काव्याने उत्कटता घराबाहेर, रात्रीत, अडथळ्यांच्या पलीकडे ठेवली म्हणून ती काव्य राहिली. कादंबरी हा प्रकार आला आणि त्याने अभिसारिकेला महिन्याच्या हिशेबात बसवले. उत्कटतेला अडथळा लागतो, तो काढला की ती विझते, असे युरोपातील प्रेमकथांबद्दल स्विस लेखक दनी द रुझमाँ यांनी १९३९ साली विस्ताराने मांडले. फ्लोबेर त्याहून एक पाऊल पुढे गेलेला आहे. त्याच्याकडे अडथळा शाबूत असूनही उत्कटता विझते, कारण अडथळा ओलांडण्याचीही सवय होते.

आताच्या काळात

पिनारचे कायदे आता उरलेले नाहीत. फ्रान्सने ११ जुलै १९७५ च्या कायद्याने व्यभिचार दंडसंहितेतून काढला आणि त्याच कायद्याने परस्परसंमतीचा घटस्फोट आणला. दक्षिण कोरियाच्या संवैधानिक न्यायालयाने २०१५ साली, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी, व्यभिचाराचा गुन्हा घटनाबाह्य ठरवला. न्यूयॉर्क राज्याने १९०७ पासूनचा आपला कायदा २०२४ साली रद्द केला. भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ फ्रेंच कायद्याच्या उलट दिसत असे: तिथे पत्नी तुरुंगात जायची, इथे तिला शिक्षाच नव्हती, फक्त परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. पण नवऱ्याची संमती वा मूक संमती असेल तर गुन्हाच नाही, अशी त्यात तरतूद होती, आणि तिथे दोन्ही कायदे एकाच जागी येतात. गुन्हा झाला की नाही, हे शेवटी नवऱ्याच्या मर्जीवर ठरायचे. पाच न्यायाधीशांनी एकमताने हेच खटकल्याचे सांगितले: या कलमात स्त्री ही पतीची मालमत्ता मानली आहे. घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार आजही कायद्यात आहे, आणि तो तिथेच असावा, असे माझेही मत आहे. विश्वासघात ही दोन माणसांमधली गोष्ट आहे, राज्याची नव्हे.

कायद्याने दावा सोडला, पण प्रश्न सुटला असे नाही, कारण पिनारचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. ओळखीच्या घरातले असे प्रकरण उघडकीला आले की आजही पहिली धडपड दोषी ठरवण्याची असते: चूक कोणाची, आधी कोणी सुरू केले, नवरा कमी पडला की बायको बहकली. आणि ज्या कथेत असा निवाडा मिळत नाही, ती ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते. तो तिला अनैतिक म्हणतो, किंवा सेनारप्रमाणे तिच्यातून धडा काढून मोकळा होतो. शार्ल दोन्ही करत नाही. बायकोची पत्रे सापडल्यानंतर त्याची गाठ रोदोल्फशी पडते, आणि तो त्याला सांगतो की आपला राग नाही, हा दैवाचा दोष आहे. रोदोल्फला हे बोलणे हास्यास्पद आणि थोडे क्षुद्र वाटते, असे फ्लोबेर लिहितो. दुसऱ्या दिवशी शार्ल बागेतल्या बाकावर मरून पडलेला सापडतो, हातात तिच्या काळ्या केसांची बट. त्यांची मुलगी कापसाच्या गिरणीत कामाला जाते. शार्लने कायद्याने दिलेला कोणताही अधिकार वापरला नाही, कारण त्याला कळले तेव्हा तो जिच्यावर वापरायचा तीच उरली नव्हती.

१८७३ साली कादंबरीची नवी, निर्णायक आवृत्ती निघाली, तेव्हा फ्लोबेरने लघुलेखकाने टिपलेले सगळे पुस्तकाच्या अखेरीस जोडले: सरकारी वकिलाचे भाषण, बचावाचे भाषण आणि निकालपत्र. तोवर पिनार देशाचा अंतर्गत कारभार मंत्री होऊन गेला होता. कादंबरीची शेवटची ओळ औषधविक्रेता ओमेला नुकत्याच मिळालेल्या सन्मानपदकाबद्दल आहे. त्या आवृत्तीत ती वाचून पान उलटले की पिनार उभा राहतो आणि बोलायला लागतो.